लेकुरवाळीची डहाळी

भाताला कसं, पेरलेल्या वाफ्यात, म्हणजे दाढीत असताना रोप म्हणायचं, लावलं की आवण, पिकलं की भात, आणि कांडलं की तांदूळ. वस्तू तीच, पण नाव बदललं की तिच्याशी आपण काय करायचं तेही बदलतं. रोपाचा कुणी भात शिजवत नाही. आमच्या गावात मरळीचं तसंच होतं. शहरातली माणसं मरळ म्हणजे मरळ म्हणतात, पैसे देतात, घेऊन जातात. आमच्याकडे मरळीला जन्मापासून इतकी नावं, की पोरीबाळींना ती पाठ करायला लागायची.

मरळ का म्हणायचं, तर माझी आई सांगायची, "मरत नाय म्हनून मरळ." शहाण्या माणसाने यावर हसायचं असेल तर हसावं. पण सकाळी टोपलीत टाकलेली मरळ दुपारी विळीसमोर आली तरी डोळे वटारून बघत असे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा आईने राखेने धरून तिचं डोकं विळीला लावलं, तर ती हातातून सटकली ती थेट मोरीतून मागच्या परड्यात. आई विळी आडवी करून तिच्या मागे, आणि मी आईच्या मागे. शेवटी अळवाच्या खाचरात सापडली. बापूस ओटीवरून म्हणाला, "अगो, तिला सोडून दे, ती तुझ्यापेक्षा जास्त जगनार हाय." कुणी तिला सापतोंडी म्हणत, कारण तोंड सापाचंच. शेपटीजवळ डोळ्यासारखा ठिपका असला तर ती फुलमरळ. तिचा बुटका भाऊबंद म्हणजे डोक. तो चिखलात राहतो आणि वीतभर झाला की त्याची वाढ खुंटते. बाळंतिणीला मरळीचं कालवण देत. डोक कुणी पाहुण्याला वाढत नसे.

ही झाली सगळ्यांची नावं. आमच्या गावची नावं त्याच्यापुढची. मरळीची नुकती झालेली पिल्लं लालभडक असतात, शेंदरात बुडवून काढल्यासारखी. त्यांना शेंदऱ्या म्हणायचं. लाल रंग उतरला आणि अंगावर पट्टे आले की बोटक्या. आईला सोडून आपापली हिंडायला लागली की सुट्या. शेंदऱ्यांना कुणी हात लावायचा नाही. बोटकी जाळ्यात आली तर परत टाकायची. सुटीला पोराटोरांनी गळाला लावावं, हरकत नाही. आणि जी मरळ शेंदऱ्या घेऊन हिंडते, ती लेकुरवाळी. लेकुरवाळी ज्या पाण्यात असेल त्या पाण्याला गाव शिवत नसे.

आमचं गाव शहापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी. आसनगावला जायचं तर पहाटे निघून उन्हं तापायच्या आत पोचायचं, एवढं लांब. गावाखालून ओढा जायचा, तो पुढे भातसा नदीला मिळायचा. उन्हाळ्यात ओढा आटायचा आणि मागे एक खोल डोह राहायचा. त्याला आम्ही कोंड म्हणायचो. काठाला मोठी जांभूळ. वैशाख सरता सरता गाव एक दिवस ठरवून त्या कोंडीत उतरायचं, पाग म्हणजे फेकायची जाळी, टोपल्या, लुगड्याचे पदर, ज्याला जे जमेल ते घेऊन. निघालेले मासे जांभळीखाली ओतायचे आणि घराघराला वाटा. त्यातले निम्मे लोक चिरून, मीठ लावून, चुलीवरच्या बांबूच्या पट्टीला टांगायचे. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत भाकरीबरोबर तेच. दुसरं काय होतं? आषाढात घरात डाळ असली तरी मोठेपणा.

पण कोंडीत लेकुरवाळी दिसली, तर तो दिवस पुढे जायचा. पिल्लं सुटी होईस्तोवर कुणी कपडे धुवायला जायचं नाही, गुरं न्यायची नाहीत. वाटेवर दगडांच्या सापटीत करंजाची डहाळी खोचून ठेवायची. डहाळी दिसली की माणूस मागे फिरायचा. परगावचा असला तरी कुणीतरी सांगायचं, "पावनं, तिकडं लेकुरवाळी हाय," आणि तोही फिरायचा.

आता यातली खरी गोष्ट सांगते. ही डहाळी पुरुषाच्या शब्दावर लागत नसे. लेकुरवाळी पाहिली असं बाईने नाहीतर पोरीने सांगायचं, आणि जिने सांगितलं तिनेच डहाळी लावायची. कोंडीचं सगळं गावातली सर्वांत थोर म्हातारी बघायची, तिला सगळे थोरली म्हणत. तिला मी एकदा विचारलं, पुरुषांनी का नाही सांगायचं? ती तंबाखू मळत म्हणाली, "पुरुष वीतभर मासा हातभर सांगतो, आनि हातभर मासा सांगतच नाय."

हे सगळं मला कुणी शिकवलं, तर काकाने. माझ्या बापसाचा धाकटा भाऊ, तेव्हा बिनलग्नाचा, आमच्याच घरात. गावात त्याच्यासारखा पाग टाकणारा नव्हता. पाग त्याच्या हातून सुटला की हवेत असा गोल फुलायचा, की मासे राहोत, मी पागच बघत बसायचे. मला खांद्यावर घेऊन पाण्यावर न्यायचा. पाण्यात काही हललं की विचारायचा, "काय हाय? नाव सांग." चुकलं की ओंजळभर पाणी तोंडावर. बरोबर आलं की कमरेच्या पिशवीतून भाजलेले चिंचोके. मला शाळा नव्हती. अक्षरं मी फार पुढे, पोरांच्या पाटीवरून उचलली. माझी शाळा म्हणजे ती कोंड आणि काका. तो सांगायचा, "बाय, नाव बरोबर घ्यावं. नाव चुकलं का मानूस नको त्याला मारतो." हे त्याचंच बोलणं. मी अजून विसरले नाही, म्हणून तर लिहिते आहे.

ते लढाईचे दिवस होते. मोटारींना तेल मिळेना, म्हणून मोटारीच्या पाठीला टाक्या बसवून कोळशाच्या धुरावर मोटारी चालवत. कोळसा हवा म्हणून आमच्या बाजूची रानं भट्ट्यांनी भरली. उंबरमाळीच्या रानात एका ठेकेदाराचा तळ पडला होता. गावातले पुष्कळ जण तिकडे लाकूड रचायला जायचे आणि काळे होऊन यायचे. काकाही जायचा. पण त्याचं मन मुकादमकीवर. मुकादमाच्या हातात काठी असते आणि अंगाला कोळसा लागत नाही. तळावर ठेकेदाराचा दिवाणजी राहायचा, त्याच्या मनात आलं तर मुकादम होता येत होतं. काका जेवताना म्हणायचा, "दिवानजी मोठा खवय्या हाय. रानात त्याला मासळी मिळत नाय, लय तळमळतो." आम्ही हसायचो. आई म्हणायची, "मंग नेऊन द्या त्याला एक डोक." यावर काकाही हसायचा.

चैत्रात एका सकाळी त्याने मला उठवलं. "चल गो, तुला काय दावतो." मी डोळे चोळत त्याच्या मागे. कोंडीवर धुकं नुकतं विरत होतं. त्याने मला जांभळीच्या मुळावर बसवलं आणि बोट दाखवलं. पाण्यावर एक लाल ढग. हो, ढगच म्हणते, दुसरा शब्द नाही. शेकडो इवलाली लाल पिल्लं, वर येतात, तोंड उघडतात, खाली जातात.

"काय हाय?" काका म्हणाला. "नाव सांग."

"शेंदऱ्या!" मी ओरडलेच. "काका, लेकुरवाळी हाय!"

"हळू. बगितलीस ना तू?"

"बगितली. पन ती कुठाय? मोठी?"

"तुझी सावली पडली पान्यावर. दबली असंल." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, पळ. थोरलीला सांग. माझ्या सांगन्याला कोन इचारतो?"

मी धावत गेले. थोरली अंगणात झाडत होती. तिने खराटा टेकवून मला नीट विचारून घेतलं. रंग कसा? लाल. पट्टे? नाहीत. गोळ्यात होती का? होती. मी म्हटलं, मोठी मात्र दिसली नाही. यावर ती म्हणाली, "ती कुनाला दिसते? शेंदऱ्या दिसल्या म्हंजे खाली ती हायच. शेंदऱ्या का एकट्या हिंडतात?" तिने स्वतः करंजाची डहाळी तोडून माझ्या हातात दिली. सगळ्या पोरी मागून आल्या. मी दगडांच्या सापटीत डहाळी खोचली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बग, आज डहाळीवाली झाली." आईने घरी आल्यावर गुळाचा खडा दिला आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या पोरीनं लावली." मला वाटलं, आता मी मोठी झाले.

डहाळी लावणाऱ्या पोरीने अधूनमधून जाऊन लांबून बघायचं असतं, पिल्लं कशी आहेत ते. मी जायचे. काका म्हणायचा, "एकटी नको जाऊ, रानडुक्कर उतरतं तिकडं. मी नेईन." कधी न्यायचा, कधी म्हणायचा आज नको. आणि मला दिसायला लागलं, की ढग विरतोय. पिल्लं गोळ्यात राहत नव्हती. कुंकवाची वाटी सांडावी तशी पाण्यावर पसरलेली, एक इकडे, दोन तिकडे. फांदीवर खंड्या बसलेला. तो सूर मारायचा आणि एक लाल ठिपका चोचीत घेऊन वर यायचा. लेकुरवाळी असली की बेडूकसुद्धा जवळ फिरकत नाही, तिने बदकाचा पाय धरल्याच्या गोष्टी मी ऐकलेल्या. मी काकाला म्हटलं, "काका, खंड्या उचलतोय, आनि ती गप कशी?"

"म्हातारी झालीय गो. दमलीय."

"पन पिल्लं तिच्याजवळ का नाय?"

"तू बसतेस का तुझ्या आयशीजवळ? दिसभर उंडारतेस." आणि हसून माझी वेणी ओढली. झालं. मी हसले. काका सांगतोय म्हणजे तसंच. माझ्या डोळ्यांपेक्षा मला त्याचं सांगणं खरं वाटायचं, कारण डोळ्यांना बघायला शिकवलं होतं त्यानेच.

मग एक दिवस लाल काहीच उरलं नाही. मी थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या लवकर सुटी झाली?" आणि बोटांवर दिवस मोजले. पण वैशाख सरत आला होता, लोक खोळंबले होते. दिवस ठरला.

सगळं गाव कोंडीवर. बाया पदर खोचून, पुरुष पाग घेऊन. आई माझ्यासाठी छोटी टोपली घेऊन आलेली. पहिला पाग पडला, ओढला, वर आला. चार डोक, मूठभर मुऱ्या, थोडा झिंगा. दुसरा पडला, तसाच. बाया आत उतरून चाचपायला लागल्या, कपारीत हात घालायला लागल्या. शेवटी एकीने पलीकडच्या काठाला, दगडांच्या आड, हात घातला आणि खवल्यांची ओंजळ भरून वर काढली. वाळलेली खवलं. कुणीतरी कोंड आधीच, सावकाश, निवांतपणे रिकामी केली होती. गावात डहाळी लागलेली, त्यामुळे बघायला कोण जाणार?

जांभळीखाली ओतायला काही नव्हतंच. थोरली माझ्याकडे वळली.

"काय गो, तू काय बगितलंस?"

"शेंदऱ्या," मी म्हटलं. "लाल. गोळ्यात."

"मंग लेकुरवाळी कुठाय? बोटक्या कुठायत? एक तरी दाव."

मी काकाकडे बघितलं. तो पाग खांद्यावर टाकून उभा होता, ओला, सगळ्यांसारखाच. मला भीती वाटत नव्हती, हे मुद्दाम सांगते. मला वाटलं, आता काका बोलेल. त्याने बघितल्या होत्या ना माझ्याबरोबर. तो म्हणेल, पोर खरं सांगते.

काका हसला. माझ्याकडे नाही, लोकांकडे बघून. म्हणाला, "पोर हाय. डोकाची पिल्लं बगितली असतील. तिला अजून नावं कुठं कळतात?"

लोकांना धरायला तेवढं पुरलं. एक बाई म्हणाली, "नावं कळत नाय आनि डहाळी लावते! चांगली रिकामी कोंड राखली आमच्याकडनं." दुसरी म्हणाली, "चोरांना काय, रान मोकळं करून दिलं पोरीनं. आता पावसात काय खाऊ, करंजाचा पाला?" कुणीतरी त्यावर हसलं, आणि ते हसणं मला शिव्यांपेक्षा लागलं. आईने माझी छोटी टोपली आपल्या मोठ्या टोपलीत ठेवली आणि घरी निघाली.

घरी काका ओटीवर पाग वाळत घालत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, तूच दावल्यास मला."

"मी दावलं पानी," तो म्हणाला. त्याचे हात पागाच्या गाठीत होते. "नाव कोनी घेतलं? तू. मी घेतलं का?"

खरंच. त्याने नाव घेतलंच नव्हतं. त्याने विचारलं होतं, आणि रोजच्यासारखं उत्तर दिलं होतं मी.

त्यानंतर थोड्या दिवसांनी वरच्या ठाकरवाडीतली एक बाई करवंदं घेऊन आली. आमच्याकडे ती नेहमी यायची, तांदूळ घेऊन करवंदं द्यायची. मी एकटीच होते. ती टोपली उतरवत म्हणाली, "काय गो, तुझ्या काकानं नेलेली पिल्लं जगली का?"

"कसली पिल्लं?"

"आमच्या झऱ्यावर मरळ व्हती, लाल पोरांची. तुझ्या काकानं ती गळाला लावली. आमी बोललो, अरे, पोरकी केलीस. तर बोलला, मी यांना खालच्या कोंडीत सोडतो, तिथं मोठी मरळ हाय, ती सांभाळंल. गाडग्यात भरून नेली."

मी पायरीवर बसले. करवंदं मापायचीही राहिली. म्हणजे मी बघितल्या त्या शेंदऱ्याच होत्या. लाल होत्या, गोळ्यात होत्या, माझं नाव बरोबर होतं. फक्त त्यांच्या खाली कुणी नव्हतं. ती त्यांची आई दिवाणजीच्या ताटात गेली होती, आणि ती बिचारी पिल्लं परक्या पाण्यात, आईला शोधत पसरत गेली, खंड्याच्या चोचीत गेली. आणि गाव डहाळीकडे बघून मागे फिरत राहिलं, तोवर कोंडीतले मासेही त्याच वाटेने तळावर गेले.

संध्याकाळी बापूस आल्यावर मी सगळं सांगितलं. आई चुलीपुढे होती. बापसाने पागोटं काढून खुंटीला लावलं. मग म्हणाला, "कुनाला बोललीस?"

"नाय. तू चल थोरलीकडं. तू सांग."

"भावाला मी गावासमोर नागडा करू?"

"मंग माझं?"

"तुझं काय? पोरीची जात, उद्या लगीन होऊन जाशील. तो इथं राहनार हाय." उठून बैलांना वैरण टाकायला गेला. तो वाईट नव्हता माझा बापूस. पण त्या संध्याकाळी त्याने आमच्या दोघांतून एकाला निवडलं, आणि ती मी नव्हते.

आईने माझ्यापुढे भाकरी ठेवली. हळू आवाजात म्हणाली, "मला ठाव हाय, तुला नावं कळतात. पन माझ्या एकटीला ठाव असून काय उपेग?"

पावसाळ्याआधीच काका मुकादम झाला. काठी घेऊन आला, घरात पेढे वाटले. मी माझा पेढा गोठ्यात वासराला दिला. वासराने चाटून टाकला.

पुढच्या उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं, आणि तेच मला जास्त डाचतं. चैत्र संपत होता. मी कोंडीवर गेले आणि पाण्यात लाल ढग. या वेळी खाली तीही होती. मी तिला पाहिलं. माझ्या मांडीएवढी, काळी, शेपटीला ठिपका. एक बेडूक जवळ आला तसा पाण्याचा असा फटकारा उडाला, की माझ्या पायापर्यंत थेंब आले. पिल्लं गोळ्याने तिच्या डोक्यावर. मी पळत थोरलीकडे गेले. तिने ऐकून घेतलं. तिचे हात आता कापायचे. म्हणाली, "बगितलीस असशील, बाय. पन गावाला काय म्हनून सांगू? मागल्या साली बी तू बगितलीच व्हतीस."

"तुमी या ना बघायला."

"माझ्या डोळ्यांना आता भाकरी दिसत नाय, शेंदऱ्या काय दिसतील?"

मी आणखी दोघीतिघींना सांगितलं. एक म्हणाली, "परत का गो?" आणि हंडा उचलून निघून गेली. मी आपली आपण डहाळी तोडून लावली. दुपारी बघते, तर कुणीतरी काढून बाजूला टाकलेली. मागचं साल उपाशी गेलेलं, लोक थांबायला तयार नव्हते. ठरल्या दिवशी पाग पडला आणि पहिल्याच ओढीला ती वर आली. जांभळीखाली तिला टाकली तरी कितीतरी वेळ आपटत होती. सगळ्यांनी बघितलं, पाण्यात लाल पिल्लं गोल गोल फिरतायत ते. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. तिचा वाटा आमच्याही घरी आला. त्यानंतर आमच्या कोंडीला डहाळी लागली नाही. लावणार कोण, आणि कुणाच्या शब्दावर?

माझं लग्न झालं मुरबाडकडे, म्हशाच्या जवळ. सासर चांगलं, सासू बोलकी. पौषात म्हशाची जत्रा भरली की आमच्या घरी पाहुण्यांची रीघ. बैल बघायला आलेला प्रत्येक जण कुणाचा तरी नातलग असतोच. एका साली काका आला. डोक्याला रुमाल, अंगात कोट, बैलजोडी घ्यायची होती. सासूने काळू नदीची मरळ आणवली होती, कालवण तिने स्वतः केलं. मी भाकऱ्या करत होते. काकाने पहिला घास घेतला, तशी सासू दारातून म्हणाली, "आमच्याकडं हिला सापतोंडी म्हनतात, व्याही. तुमच्याकडं काय म्हनतात?" आणि माझ्याकडे वळून, "सांग की गो."

मी तव्यावरची भाकरी उलटली. "मला नावं कळत नाय, सासूबाय. काकाला इचारा."

काकाचा हात ताटात थांबला. मग तो मोठ्याने म्हणाला, "हॅ! थट्टा करते ती. हिला समदी नावं येतात. मीच शिकवली. शेंदऱ्या, बोटकी, सुटी, लेकुरवाळी... आमच्या गावात हिच्यावानी पोर नव्हती." आणि सासूला एकेक नाव फोड करून सांगायला लागला, कशाला हात लावायचा, कशाला नाही. सासू पदर तोंडाला लावून ऐकत होती, खूश होत होती. मी भाकरी फुगायची वाट बघत बसले. ती फुगली नाही.

हात धुवायला पाणी द्यायला मी परड्यात गेले. तांब्या वाकवला आणि म्हटलं, "काका, मी माहेरी आले का हे जांभळीखाली येऊन एकदा सांग. थोरली अजून हाय."

तो हात चोळत राहिला. "आता कशाला गो? लय वर्सं झाली. तुला इथं काय कमी हाय?"

"तिला कळू दे, मी नाव बरोबर घेतलं व्हतं."

"येईन," तो म्हणाला. रुमालाला हात पुसले आणि बैल बघायला गेला. तो आला नाही. थोरली त्याच पावसाळ्यात गेली. माझं नाव घेतल्यावर तिला शेवटपर्यंत काय आठवलं असेल, ते मला माहीत आहे.

सासू मात्र शेजारणींना सांगत सुटली, आमच्या सुनेला माशांची नावं येतात. तिथे कुणाला त्याची गरज होती? तरी मुरबाडच्या बाया मला विचारायच्या, मी सांगायचे. माहेरी गेले की कोंडीवर कुणी काही विचारत नसे. पाण्यात काही हललं तर माझ्या डोक्यावरून एकमेकींना विचारायच्या, आणि मी धुणं धूत राहायचे.

एकदा सासरच्या ओढ्यात मला लेकुरवाळी दिसली. लाल ढग, आणि खाली ती. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं. बांधावरच्या करंजाची चांगली जून डहाळी तोडून वाटेत दगडांत खोचली. इथे ही रीत कुणाला ठाऊक नाही, हे मला माहीत होतं. तरी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले, तर धाकटा दीर उभा, तोंडात दातणाची काडी, उरलेली डहाळी काखेत.

"वयनी, वाटेत कुनी करंज ठेवला व्हता बग. ब्येस काड्या हायत. तुला देऊ एक?"

मी हात पुढे केला. त्याने एक काडी मोडून दिली, आणि मी ती चावत उभी राहिले. करंज कडूच असतो.